घरातला सेंट्रल एसी: सांगली-मिरजेच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागपासून मिरजेपर्यंत नव्या बंगल्यांत आता खोलीगणिक स्प्लिट न लावता डक्टचा एसी बसवून घेतात. फॉल्स सिलिंगच्या वर मशीन, तिथून निघालेले पत्र्याचे डक्ट आणि खोलीत दिसतं ते फक्त ग्रिल. मशीन नजरेआड असल्यामुळे त्याची आठवण होते ती थेट एप्रिलमध्ये, पारा चाळिशीकडे निघाला की. मग फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत, म्हणजे मेकॅनिकला बोलावण्याआधी काय बघायचं आणि तो आल्यावर काय विचारायचं हे घरच्यांना कळेल.

आमच्याकडे नेमका कोणता एसी आहे हे कसं ओळखायचं?

गच्चीवर एकच मोठं आउटडोअर युनिट, घरात छतावर एकच इनडोअर आणि सगळ्या खोल्यांना हवा डक्टमधून येत असेल, तर तो डक्टेबल एसी. गच्चीवर एक युनिट, पण प्रत्येक खोलीत वेगळं इनडोअर आणि वेगळा रिमोट असेल, तर तो व्हीआरएफ किंवा मल्टी-स्प्लिट. खालची बरीचशी उत्तरं डक्टेबलला धरून आहेत. फिल्टर, ड्रेन, वीज आणि पूर यांबद्दलचं दोन्हींना लागू पडतं.

मशीनची ताकद टनात सांगतात. १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची क्षमता. घरगुती डक्टेबलमध्ये साडेपाच टनांचं मशीन बरंच दिसतं. तुमच्या मशीनचा टनेज, गॅसचा प्रकार आणि गॅसचं वजन आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. त्या पट्टीचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. उन्हानं ती अक्षरं काही वर्षांत उडून जातात.

हवा येते, पण गार होत नाही. गॅस संपला का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि ग्राहकाचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात तेही इथेच. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती सापडेपर्यंत गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. ‘दरवर्षी उन्हाळ्याआधी थोडा गॅस मारावा लागतो’ असं कुणी सांगितलं, तर गळती कुठे आहे हे त्याला आधी दाखवायला लावा.

गॅसचं नाव काढण्याआधी थर्मोस्टॅट बघा. मोड ‘कूल’वर आहे ना? घरातल्या कुणीतरी तो ‘फॅन’वर करून ठेवलेला असतो आणि दोन दिवस सगळे घामाघूम होतात, असं अनेक घरांत घडतं. त्यानंतर रिटर्न ग्रिल, म्हणजे खोलीतली हवा मशीनकडे परत ओढणारी जाळी, उघडून फिल्टर बघा. मग गच्चीवर जाऊन आउटडोअरचा पंखा फिरतोय का आणि वर गरम हवा फेकतोय का ते तपासा. पंखा बंद असेल किंवा वर येणारी हवा गरमच नसेल, तर बिघाड बाहेरच्या युनिटमध्ये किंवा त्याच्या विजेत आहे.

एवढं झाल्यावर साध्या थर्मामीटरनं एक चाचणी करता येते आणि ती फार उपयोगी आहे. मशीन पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. आत जाणाऱ्या हवेचं, म्हणजे रिटर्न ग्रिलपाशी तापमान मोजा. मग मशीनला सर्वांत जवळ असलेल्या ग्रिलमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं मोजा. फरक साधारण ८ ते १२ अंशांचा असेल तर मशीन आपलं काम करतंय. खोली गार होत नसेल तर कारण उघडी खिडकी, पश्चिमेची काच, वर तापलेला स्लॅब किंवा फुटलेला डक्ट यांत शोधायचं. फरक चार-पाच अंशच असेल तर गॅस, कॉम्प्रेसर किंवा मळलेली आउटडोअर कॉइल (गॅसच्या नळ्या आणि पातळ पात्यांची जाळी) यांच्याकडे वळायचं. फरक नेहमीपेक्षा जास्त, पण हवाच कमी येत असेल तर अडथळा हवेच्या वाटेत आहे. मेकॅनिकला फोनवर हे दोन आकडे सांगितलेत, तर तो योग्य सामान घेऊन येईल.

काही खोल्यांत हवाच कमी येते.

मशीनपासून लांबच्या खोलीत हवा थोडी कमी असणं स्वाभाविक आहे. पण पूर्वी बरी येत होती आणि आता येत नाही, तर काहीतरी बदललंय. रिटर्न ग्रिलसमोर सोफा सरकवला, जाड पडदा आला, कपाट उभं राहिलं, असं झालंय का बघा. मशीनला हवा ओढता आली नाही, तर ते देणार कुठून?

फॉल्स सिलिंगच्या वर ग्रिलपर्यंत जाणारा शेवटचा तुकडा पुष्कळदा लवचिक डक्टचा असतो. दिवाळीच्या लायटिंगसाठी इलेक्ट्रिशियन वर चढला किंवा इंटरनेटची वायर ओढली, की तो तुकडा दबतो, वळतो किंवा कॉलरमधून, म्हणजे त्याला धरणाऱ्या पत्र्याच्या गळ्यातून, निसटतो. निसटला तर गार हवा सिलिंगच्या पोकळीत जाते आणि खोलीत काहीच येत नाही. लाइट बसवायच्या खाचेतून हात घातला आणि वरची पोकळी थंडगार लागली, तर डक्ट सुटलाय हे नक्की.

वीज वाचावी म्हणून रिकाम्या खोल्यांची ग्रिल बंद करायची सवय मात्र सोडा. डक्टेबल मशीनला टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. निम्मी ग्रिल बंद केली की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही आणि तिच्यावर बर्फ धरतो. एखादी खोली बंद ठेवली तर चालतं, निम्मं घर नाही.

आतल्या कॉइलवर किंवा तांब्याच्या पाइपवर बर्फ जमलाय.

कूलिंग बंद करा आणि फक्त पंखा चालू ठेवा. बर्फ पूर्ण वितळायला दोन-चार तास लागू शकतात. चाकूनं, स्क्रूड्रायव्हरनं बर्फ खरवडू नका. कॉइलला एक भोक पडलं तर दुरुस्तीचा खर्च हजारोंत जातो. वितळल्यावर फिल्टर धुऊन, सगळी ग्रिल उघडून पुन्हा चालू करा. तरी बर्फ धरला तर ब्लोअर (हवा ढकलणारा आतला पंखा) मंद चालतोय, कॉइल आतून मळलीय किंवा गॅस कमी आहे. गॅस कमी असल्याची एक खूण उघड्या डोळ्यांनी दिसते: पाइपच्या जोडाशी, पाइपाचं पसरट तोंड आवळणाऱ्या फ्लेअर नटापाशी तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटलेली असते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, त्यामुळे गॅस जिथून सुटतो तिथे तेलही दिसतं.

फॉल्स सिलिंगमधून पाणी टपकतंय.

पाणी दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

एक, ड्रेनचं. हवेतला ओलावा कॉइलवर जमून खालच्या ट्रेमध्ये पडतो आणि पाइपनं बाहेर जातो. त्या पाइपात धूळ आणि शेवाळ मिळून बुळबुळीत गोळा तयार होतो आणि वाट बंद होते. हिवाळ्यात मशीन बंद राहिल्यावर तो वाळून घट्ट बसतो. म्हणून मार्चमध्ये पहिल्यांदा एसी लावला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पीओपीवर पिवळा डाग उमटतो. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला ओला-सुका व्हॅक्युम लावून ओढलं, तर बहुतेक वेळा गोळा निघून येतो. मग ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का बघायचं. अ‍ॅसिड ओतू नका, ट्रे आणि कॉइल दोन्ही खाल्ले जातात.

पाइप मोकळा असूनही पाणी पडत असेल, तर ते कधी पडतं हे नीट बघा. एसी चालू असताना काही नाही आणि बंद केल्यावर लगेच धार लागली, तर ड्रेनला ट्रॅप (पाणी धरून हवा अडवणारं वळण) नाही किंवा तो चुकीचा बसवलाय. ब्लोअर कॉइलमागून हवा ओढत असतो, त्या ओढीनं बाहेरची हवा ड्रेन पाइपातून आत घुसते आणि पाणी ट्रेमध्येच अडवून धरते. ब्लोअर थांबला की साचलेलं सगळं एकदम सुटतं. यूच्या आकाराचा, मापाचा ट्रॅप लावला आणि पाइपाला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार दिला, की हा त्रास संपतो. नवीन घर असेल तर सिलिंग बंद करण्याआधी हा उतार स्वतः लेव्हल लावून बघा. ट्रेमध्ये फ्लोट स्विचही बसवून घ्या. पाणी वर आलं की तो मशीन बंद करतो. त्याची किंमत पीओपीच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

दुसरं पाणी घामाचं. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते, फॉल्स सिलिंगच्या वर ती कोंडलेली असते आणि डक्टवर इन्सुलेशन म्हणून गुंडाळलेल्या नायट्राइल रबराचा एखादा जोड उघडा पडलेला असतो. थंड पत्र्यावर दव धरतं आणि थेंब पडतात. ग्रिलच्या कडांना थेंब दिसत असतील तर तापमान २५-२६ वर न्या, खिडक्या-दारं लावून घ्या आणि ग्रिलची कॉलर आतून इन्सुलेट करून घ्या. या तक्रारीसाठी ड्रेन साफ करून काही उपयोग होत नाही, तरीही तो साफ केल्याचं बिल येतं.

फिल्टर किती दिवसांनी धुवायचा?

पुस्तिकेत महिनाभर लिहिलेलं असलं तरी आपल्याकडे चालू हंगामात पंधरा दिवसांनी काढून बघावा. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या परिसरात गच्चीवर काळी काजळी पडते. सांगलीतल्या हळदीच्या पेठेजवळ राहणाऱ्यांच्या फिल्टरवर पिवळसर थर बसतो. रस्त्याकडेच्या घरांत मातीची धूळ असतेच.

फिल्टर नळाच्या धारेखाली मळलेल्या बाजूच्या उलटीकडून धुवा, म्हणजे घाण जशी आत गेली तशी बाहेर पडते. सौम्य साबण चालतो. सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा. ओला फिल्टर बसवला की त्यावर नवी धूळ चिखलासारखी चिकटते आणि चार दिवसांत कुबट वास सुरू होतो. फिल्टर वाळेपर्यंत एसी चालवायचा नाही, तासभरही नाही. जी घाण फिल्टरवर अडायची ती थेट कॉइलमध्ये जाते. दोन फिल्टरचे संच ठेवणं हा सोपा उपाय.

गच्चीवरच्या युनिटची काळजी कशी घ्यायची?

त्याला चारी बाजूंनी मोकळी हवा हवी. ऊन लागू नये म्हणून पत्र्याची पेटी करतात, चोरी होऊ नये म्हणून दाट जाळीचा पिंजरा करतात. दोन्हींत मशीन गुदमरतं. स्वतःच सोडलेली गरम हवा ते पुन्हा ओढतं आणि दुपारी आतला दाब फार वाढून आपोआप बंद पडतं. सावली द्यायचीच असेल तर उंचावर, वरची हवा न अडवता द्या.

कॉइल वर्षातून दोनदा धुवावी: फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पावसाळा संपल्यावर. काजळीच्या पट्ट्यात राहत असाल तर हंगाम संपल्यावर आणखी एकदा. आधी आयसोलेटर, म्हणजे युनिटची वीज तोडणारा स्विच, बंद करायचा, मग साध्या पाइपनं, शक्य असेल तर आतून बाहेरच्या दिशेनं पाणी मारायचं. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप नको. अ‍ॅल्युमिनियमच्या पाती इतक्या पातळ असतात की त्या धारेनं आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बुजते.

उन्हाळ्यात आउटडोअरवर बोअरचं पाणी शिंपडत ठेवायची युक्ती काही घरांत चालते. त्या दिवशी गार वाटतं खरं, पण कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि पुढच्या वर्षी मशीन आणखी तापतं. हे करू नका.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. सेप्टिक टँकचा व्हेंट पाइप किंवा उघडं गटार युनिटच्या शेजारी असेल, तर त्यातल्या वायूनं तांबं काळं पडतं आणि बारीक छिद्रं पडून गॅस जातो. एकाच कॉइलला दर वर्षी गळती लागत असेल तर आसपास नाक लावून बघा. व्हेंट उंच नेला किंवा युनिट हलवलं तरच ते थांबतं.

लाइट जाऊन आली, आता बाहेरचं युनिट चालूच होत नाही.

पाच मिनिटं थांबा. वीज आल्यावर कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं मुद्दाम उशिरा सुरू होतो, आतला दाब समान व्हायला वेळ लागतो म्हणून. घाईनं चालू-बंद करत राहिलात तर दरवेळी ते घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं.

तरी चालू होत नसेल तर तिन्ही फेज आहेत का बघा. डीपीवर एक फेज गेला असेल तर घरातले काही दिवे चालू, काही बंद किंवा मंद दिसतील. अशा वेळी सिंगल फेज प्रिव्हेंटर मशीन अडवून धरतो आणि तेच योग्य आहे. तो बायपास करून मशीन चालवून देणारा माणूस तुमचा कॉम्प्रेसर जाळून जाईल. महावितरणकडे तक्रार करा आणि वाट बघा.

डीपीवर किंवा केबलवर काम झाल्यावर फेजचा क्रम उलटा लागला, तरीही मशीन अडतं. त्याच दिवसापासून थ्री फेजवरच्या बोअरच्या मोटरीचं पाणी कमी झालं असेल, तर हेच कारण धरून चला. ज्या मशीनला क्रम तपासणारा रिले नाही, तिथे स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो, मोठा खडखडाट करतो आणि गारवा शून्य. लगेच बंद करा. इलेक्ट्रिशियननं दोन फेज अदलाबदल केले की काम होतं.

या सगळ्यांत काहीच नसेल तर कॅपॅसिटर (मोटर चालायला मदत करणारा भाग), कॉन्टॅक्टर (मोटरीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) किंवा पॅनेलमध्ये शिरलेली पाल. पाली ऊब शोधत पॅनेलमध्ये जातात आणि टर्मिनलवर चिकटून शॉर्ट करतात. केबलच्या भोकांना ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारी कडी) बसवून फटी बंद करून घ्या.

कॅपॅसिटर मी स्वतः बदलू का? व्हिडिओ बघितलाय.

नको. वीज बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि त्याचा झटका गंभीर असतो. शिवाय त्यावरचा मायक्रोफॅरडचा, म्हणजे क्षमतेचा, आकडा तंतोतंत जुळावा लागतो. वरून फुगलेला दिसला तर फोटो काढून मेकॅनिकला पाठवा, तेवढंच पुरे. एमसीबी पडला तर एकदाच वर करून बघायचा. पुन्हा पडला तर हात लावायचा नाही.

गॅस खरंच भरायचा आहे. काम नीट होतंय हे कसं ओळखू?

चार गोष्टी तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हव्यात. नायट्रोजन भरून दाब धरून ठेवला का आणि साबणाच्या पाण्यानं जोड तपासले का. गळतीचं ठिकाण तुम्हाला दाखवून ते ब्रेझिंगनं (धातू वितळवून जोड देऊन) किंवा नवा फ्लेअर करून बंद केलं का. व्हॅक्युम पंप लावून, गेजवर ५०० मायक्रॉनच्या (आत किती हवा उरली याचं माप) आसपास नेऊन तो तिथे टिकतोय का बघितलं का. आणि गॅस वजनकाट्यावर ठेवून, पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे भरला का. सिलिंडर हातात धरून ‘बास झालं’ म्हणणारा अंदाजानं काम करतोय.

आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील आहे. त्याच्या मशीनवर टॉर्च लावण्याआधी गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवला पाहिजे, खोलीची दारं-खिडक्या उघडी पाहिजेत. यात तडजोड नको.

आमचं मशीन आर-२२ या जुन्या गॅसचं आहे. बदलावं का?

नीट चालत असेल आणि गळती नसेल तर घाई नाही. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे ओझोनला मारक असलेल्या या वर्गातल्या वायूंचा वापर २०३० पर्यंत संपवत आणायचा आहे, त्यामुळे पुढे गॅस मिळणं अवघड होत जाणार. कॉम्प्रेसर गेला किंवा कॉइलला वारंवार छिद्रं पडू लागली, तर त्या मशीनवर मोठा खर्च करू नका. नवं घेताना जुनेच पाइप वापरू असं कुणी म्हणालं तर सावध राहा. नव्या मशीनमधल्या आर-४१०ए आणि आर-३२ या गॅसचा दाब आर-२२ पेक्षा बराच जास्त असतो आणि जुन्या पाइपात जुनं तेल राहिलेलं असतं.

बिल फार येतं. किती तापमानावर ठेवायचं?

साडेपाच टनांचं साधं (इन्व्हर्टर नसलेलं) मशीन पूर्ण भारावर तासाला सहा-सात युनिट खातं, हा हिशोब आधी डोक्यात ठेवा. तापमान एक अंशानं वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. २५-२६ वर ठेवून छताचा पंखा मंद लावला तर मे महिन्यातही बरं वाटतं. १८ वर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही. साध्या मशीनचा कॉम्प्रेसर तेवढ्याच ताकदीनं चालतो, फक्त थांबत नाही.

पुराचं पाणी येणार असेल तर एसीचं काय करायचं?

२००५, २०१९ आणि २०२१ बघितलेल्या सांगलीत हा प्रश्न प्रत्येक पावसाळ्यात येतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ वर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सखल भागात त्याच्या कितीतरी आधी पाणी शिरतं. तेव्हा निघायची वेळ आली की रिमोटवर बंद करून भागत नाही, आयसोलेटर आणि मेन दोन्ही बंद करा. आउटडोअर तळमजल्यावर, पोर्चमध्ये असेल तर पुढच्या उन्हाळ्याची वाट न बघता ते गच्चीवर हलवून घ्या.

पाणी ओसरल्यावर घरात पाऊल टाकताच ‘चालतंय का बघू’ म्हणून स्विच दाबायचा नाही. बुडालेलं मशीन बाहेरून वाळलं तरी मोटरीच्या वाइंडिंगमध्ये आणि कनेक्टरमध्ये गाळ ओला असतो. आधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, बुडालेलं युनिट आणि पट्टीवरचा सीरियल नंबर दिसेल असे. विम्याच्या सर्व्हेअरला आणि पंचनाम्याला ते लागतात. त्याआधी काही धुऊ किंवा टाकू नका. मग गाळ वाळायच्या आत साध्या धारेनं कॉइल धुवा, कारण पुराचा गाळ पातींत वाळला की निघत नाही.

कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तो पुष्कळदा वाचतो. कॉन्टॅक्टर, कॅपॅसिटर, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलावेच लागतात. पंख्याची मोटर तपासून ठरवायची. मेगर या इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध मोजून, अर्थिंग तपासूनच वीज द्यायची. डक्टचं इन्सुलेशन भिजलं असेल तर ते काढून टाका, वाळवून वापरू नका. आत बुरशी धरते आणि तीच हवा मुलं-म्हातारी माणसं रात्रभर घेतात.

एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घ्यावी का?

घ्यावी, पण कागदावर काय लिहिलंय ते बघून. पार्टसह आणि पार्टविना असे दोन प्रकार असतात. पार्टसह म्हटलं तरी कॉम्प्रेसर, कॉइल आणि गॅस त्यात आहेत का हे स्पष्ट लिहून घ्या. प्रत्येक भेटीत ड्रेन, दोन्ही कॉइल, टर्मिनलची घट्टाई, प्रत्येक फेजचा अँपिअर आणि आत-बाहेरच्या हवेचं तापमान यांची नोंद द्यायला सांगा. हे आकडे एका वहीत ठेवले तर मागच्या मार्चला दहा अंशांचा फरक होता आणि यंदा सहाचा आहे हे लगेच दिसतं. सर्व्हिस फेब्रुवारीत उरकून घ्या. एप्रिल उजाडला की चांगले मेकॅनिक आठ-आठ दिवस हाताला लागत नाहीत.